लाँच मॉनिटरची मांडणी (गृह गोल्फ सिम्युलेटर)

लाँच मॉनिटर हे क्लबचा आघात होताच गोल्फच्या चेंडूचा वेग, उड्डाणकोन, दिशा आणि फिरकी मोजणारे उपकरण आहे. घरातील गोल्फ सिम्युलेटरमध्ये चेंडू अवघ्या काही मीटरवरील पडद्यावर आदळून थांबतो. त्यापुढील प्रवास प्रत्यक्षात घडत नाही. संगणक या मोजमापांवरून तो गणिताने काढतो आणि पडद्यावर दाखवतो. म्हणून हे उपकरण कोठे, किती अंतरावर, कोणत्या पातळीत आणि कोणत्या दिशेला तोंड करून ठेवले आहे, यावर सिम्युलेटरची विश्वासार्हता अवलंबून असते. मांडणीत चूक झाली तरी उपकरण बंद पडत नाही. ते आकडे देतच राहते आणि त्यांतील बहुतेक आकडे बरोबरही असतात. त्यामुळे मांडणीतील दोष खेळाडूला स्वतःच्या फटक्यातील दोष वाटण्याचा संभव असतो.

कार्यतत्त्व

लाँच मॉनिटरचे दोन मुख्य प्रकार आहेत: रडारवर आधारित आणि कॅमेऱ्यावर आधारित. काही उपकरणांत दोन्ही पद्धतींचा मेळ घातलेला असतो.

रडार उपकरणे डॉप्लर परिणामाचा उपयोग करतात. दूर जाणाऱ्या वस्तूवरून परावर्तित झालेल्या लहरींची वारंवारता मूळ लहरींपेक्षा कमी होते आणि या फरकावरून वस्तूचा वेग कळतो. उदाहरणार्थ, २४ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरी वापरल्या आणि चेंडू सेकंदाला ७० मीटर वेगाने दूर जात असेल, तर हा फरक सुमारे ११,२०० हर्ट्झ येतो. रडारला चेंडूचा पाठलाग करावा लागत असल्यामुळे त्याला चेंडूच्या उड्डाणासाठी मोकळी जागा हवी असते.

कॅमेरा उपकरणे आघातानंतरच्या क्षणांत चेंडूची एकापाठोपाठ एक अतिशीघ्र छायाचित्रे घेतात. त्यासाठी बहुधा अवरक्त प्रकाशाचे झोत वापरले जातात. चेंडू किती सरकला यावरून वेग व कोन आणि चेंडूवरील खळगे किंवा खुणा किती फिरल्या यावरून फिरकी काढली जाते. हे सारे पहिल्या काही सेंटिमीटरांतच उरकत असल्याने पुढील उड्डाणाच्या लांबीवर मोजमाप अवलंबून नसते.

प्रकारानुसार स्थान

चेंडूच्या मागे: रडार उपकरणे सामान्यतः चेंडूच्या मागे, लक्ष्यरेषेवर ठेवतात. गार्मिन कंपनीच्या ॲप्रोच आर१० या उपकरणासाठी हे अंतर ६ ते ८ फूट (सुमारे १.८ ते २.४ मीटर), तर फ्लाइटस्कोप कंपनीच्या मेव्हो प्लससाठी ७ ते ९ फूट (सुमारे २.१ ते २.७ मीटर) असते. चेंडूपासून पडद्यापर्यंत किमान ८ फूट (सुमारे २.४ मीटर) उड्डाण मिळावे, अशी अपेक्षा असते.

या किमान मर्यादेमागील कारण साध्या गणिताने स्पष्ट होते. ड्रायव्हरने मारलेला जोरकस चेंडू सेकंदाला ७५ मीटर वेगाने निघाला, तर २.५ मीटर अंतर तो सेकंदाच्या तिसाव्या भागात कापतो. फिरकी मिनिटाला २,७०० फेरे, म्हणजे सेकंदाला ४५ फेरे असेल, तर तेवढ्या वेळात चेंडू जेमतेम दीड फेरा पूर्ण करतो. उड्डाण याहून कमी मिळाल्यास फिरकी मोजण्याऐवजी अंदाजाने ठरवावी लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी चेंडूवर धातूचा बारीक ठिपका चिकटवतात किंवा टायटलिस्टच्या आरसीटी चेंडूंसारखे, रडारला सहज ओळखता येणारी खूण अंतर्भूत असलेले चेंडू वापरतात.

चेंडूच्या बाजूला: फोरसाइट कंपनीच्या जीसीक्वाडसारखी कॅमेरा उपकरणे चेंडूच्या पलीकडे, खेळाडूच्या समोर ठेवतात. चेंडू आणि उपकरण यांतील अंतर साधारणपणे ३० ते ६० सेंटिमीटर असते. चेंडू ठरावीक मापनक्षेत्रातच ठेवावा लागतो. खेळाडू डावखुरा असल्यास उपकरण उचलून दुसऱ्या बाजूला न्यावे लागते आणि प्रत्येक वेळी नव्याने जुळवावे लागते. एकाच घरात उजव्या व डाव्या हाताने खेळणारे असतील, तर ही मोठी गैरसोय ठरते.

छतावर: युनीकोर कंपनीच्या आय एक्सओसारखी उपकरणे चेंडूच्या सुमारे १ मीटर पुढे, ९ ते १० फूट (सुमारे २.७ ते ३ मीटर) उंचीवर छताला बसवतात. त्यांना खेळाडूच्या हाताचे बंधन नसते आणि चेंडूचा धक्का लागण्याचा धोकाही कमी असतो. मात्र एकदा बसवल्यावर जागा बदलणे कठीण असल्यामुळे मारण्याची जागा आधी निश्चित करावी लागते.

दिशेची जुळवणी

उपकरण चेंडूची दिशा खोलीच्या किंवा पडद्याच्या संदर्भात मोजत नाही. ते स्वतःच्या मध्यरेषेच्या संदर्भात मोजते. ही मध्यरेषा चेंडूपासून पडद्याच्या मध्यबिंदूकडे जाणाऱ्या लक्ष्यरेषेशी समांतर असणे, हा मांडणीतील सर्वांत नाजूक भाग आहे.

१ अंशाच्या फरकाने २.५ मीटरवरील पडद्यावर चेंडू केवळ साडेचार सेंटिमीटर बाजूला लागतो. हे अंतर गोल्फच्या चेंडूच्या व्यासापेक्षा (किमान ४२.६७ मिलिमीटर) किंचितच अधिक आहे आणि नुसत्या डोळ्यांना ते सहसा जाणवत नाही. परंतु २०० मीटरच्या फटक्यात तोच फरक सुमारे साडेतीन मीटरचा होतो.

समजा, उपकरण २ अंशांनी उजवीकडे वळलेले आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याने अगदी सरळ मारलेला चेंडू आता सिम्युलेटरमध्ये २ अंश डावीकडे निघालेला दिसेल आणि २०० मीटरवर सुमारे ७ मीटर डावीकडे पडेल. खेळाडू नकळत उजवीकडे रोख धरू लागेल. काही आठवड्यांच्या सरावाने पडद्यावरील फटका सरळ होईल. मात्र प्रत्यक्ष मैदानावर त्याचा चेंडू तेवढाच उजवीकडे जाईल. चांगला फटका सरावाने बिघडवण्याचा हा प्रकार आहे.

अशा वेळी शंका येण्यास फारसे कारणही मिळत नाही. २ अंशांच्या विचलनाने मोजलेल्या वेगात एक टक्क्याच्या दहाव्या भागाइतकाही फरक पडत नाही. फिरकीही जवळजवळ तीच राहते. क्लबचा मार्ग आणि क्लबमुखाची दिशा ही दोन्ही मापे सारख्याच प्रमाणात सरकत असल्यामुळे त्यांतील अंतर कायम राहते आणि चेंडूची वक्रताही योग्य दिसते. चुकतो तो केवळ आरंभीच्या दिशेचा आकडा.

मागे ठेवलेल्या रडारच्या बाबतीत आणखी एक चूक संभवते. उपकरण लक्ष्यरेषेपासून १० सेंटिमीटर बाजूला सरकले आणि तरीही त्याचे तोंड चेंडूकडेच ठेवले, तर २.४ मीटर अंतरावर मध्यरेषा सुमारे २.४ अंशांनी फिरते. २०० मीटरवर ही चूक ८ मीटरच्या पुढे जाते. म्हणून उपकरणाचे तोंड केवळ चेंडूकडे असणे पुरेसे नाही. उपकरण, चेंडू आणि पडद्यावरील लक्ष्य हे तिन्ही बिंदू एका रेषेत यावे लागतात. काही उपकरणांत अशा विचलनाची दुरुस्ती संगणकप्रणालीत नोंदवता येते.

पातळी आणि उंची

उपकरण आणि चेंडू यांचा पाया एकाच उंचीवर असणे इष्ट असते. सरावाची चटई ३ ते ४ सेंटिमीटर जाड असते. उपकरण फरशीवर व चेंडू चटईवर ठेवल्यास उपकरणाला चेंडू अपेक्षेपेक्षा उंच दिसतो. त्यामुळे उपकरणाखाली तेवढ्याच जाडीची घट्ट फळी ठेवतात.

उपकरण पुढे किंवा मागे १ अंशाने कलले, तर उड्डाणकोनही १ अंशाने चुकतो. मागे ठेवलेले रडार आडवे कलल्यास उंच उडणाऱ्या वेजच्या फटक्यांत उंचीचा काही भाग दिशेच्या मापात मिसळतो. अनेक उपकरणांत पातळी दाखवण्याची सोय असते. नसल्यास गवंड्याचे पाणसळ उपयोगी पडते.

खोली आणि परिसर

रडारसाठी चेंडूमागे २.१ ते २.४ मीटर, पुढे २.४ ते ३ मीटर आणि पडद्यामागे सुमारे ३० सेंटिमीटर मोकळी जागा धरल्यास खोलीची लांबी ५ ते ६ मीटर लागते. कॅमेरा उपकरण त्याहून लहान खोलीत चालू शकते. मात्र पडद्यावरून उसळून परतणाऱ्या चेंडूचा विचार करून पडदा फार जवळ आणू नये.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर आहे. ही उंची छतावरील उपकरणासाठी काठावरची ठरते आणि उंच खेळाडूच्या ड्रायव्हरच्या फटक्यालाही अपुरी पडू शकते. छताचा पंखा क्लबच्या वाटेत येतो आणि त्याची फिरती पाती रडारच्या मोजमापात व्यत्ययही आणू शकतात. कॅमेरा उपकरणांना खिडकीतून थेट येणारे ऊन आणि चकाकणारे पृष्ठभाग बाधक ठरतात, कारण सूर्यप्रकाशात अवरक्त किरणांचे प्रमाण मोठे असते.

पडताळणी

मांडणी झाल्यावर लेझर रेषेने किंवा ताणलेल्या दोरीने लक्ष्यरेषा आखतात आणि पडद्यावर त्याच रेषेत चिकटपट्टीची उभी खूण करतात. नंतर वेजने हलके फटके मारून, जे चेंडू नेमके या खुणेवर लागले त्यांचेच दिशेचे आकडे पाहतात. त्यांची सरासरी शून्याच्या जवळ यावी. ती सतत एकाच बाजूला झुकत असेल, तर दोष फटक्यात नसून मांडणीत आहे. समाधानकारक जागा मिळाल्यावर उपकरणाच्या पायांभोवती फरशीवर कायमच्या खुणा करतात. उपकरण हलवल्यावर, चटई बदलल्यावर किंवा पडदा पुन्हा ताणल्यावर ही पडताळणी नव्याने करावी लागते.

सुरक्षितता

बाजूला ठेवलेल्या उपकरणाला मुख्य धोका क्लबच्या मानेला लागून भरकटलेल्या चेंडूचा असतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा असा चेंडू उजवीकडे, म्हणजे उपकरण असलेल्या बाजूला सुटतो. त्यासाठी संरक्षक आवरण वापरतात. मात्र ते कॅमेऱ्याची दृष्टी अडवणार नाही असे असावे लागते. उपकरणाच्या जुळवणीसाठी कोणी खाली वाकलेले असताना इतरांनी क्लब फिरवू नये, हा नियम लहान खोलीत विशेष काटेकोरपणे पाळला जातो.