आजीचं रेशन आणि अंगठ्याचा लोचा

मित्रांनो, मेसच्या आमटीत डाळ शोधण्यात आपलं निम्मं आयुष्य चाललंय, तेव्हा अन्न या विषयावर बोलायचा अधिकार आपल्याला आहेच! पण आज मेसबद्दल नाही, घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या रेशनबद्दल बोलू. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी दर महिन्याला रेशनचा गहू-तांदूळ येतो. तो मिळतो कसा आणि मिळत असलेला मध्येच बंद का पडतो, हे मात्र फायनल इयरवाल्यालाही धड सांगता येत नाही.

आधी हक्काचं बघू. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात दोन गट आहेत. अंत्योदय गटात माणसं कितीही असोत, कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य. प्राधान्य गटात माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. प्राधान्य गटासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार, शहरात ५९ हजार रुपये. अंत्योदय योजना डिसेंबर २००० मधली. २००३ साली ती वाढवली तेव्हा विधवा, अपंग आणि उत्पन्नाचं खात्रीचं साधन किंवा कुणाचा आधार नसलेल्या साठीपुढच्या माणसांचा त्यात खास उल्लेख झाला. म्हणजे एकटी राहणारी निराधार आजी ५ नव्हे, ३५ किलोंसाठी अर्ज करू शकते. फरक केवढा बघा!

अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत करायचा, मुंबईत शिधावाटप कार्यालयात. आधार, रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला आणि फोटो तयार ठेवा. इथे एक गोम आहे. एकाच माणसाचं नाव दोन कार्डांवर चालत नाही. आजीचं नाव काकांच्या कार्डावर असेल, तर आधी तिथून ते कमी करून घ्यायचं, मगच वेगळं कार्ड. दुसरी गोष्ट, प्रत्येक भागाला लाभार्थ्यांचा इष्टांक ठरलेला असतो. तो भरलेला असेल, तर पात्र असूनही थांबावं लागतं. म्हणून अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

कार्ड मिळालं म्हणजे काम झालं असं नाही. खरी परीक्षा पुढेच! दुकानातल्या ई-पॉस मशीनवर अंगठा जुळला की धान्य. कुटुंबातल्या कुणाही एकाचा जुळला तरी सगळ्यांचं मिळतं. पण घरात दोघंच म्हातारी असतील तर? वयानुसार कातडी कोरडी आणि सैल होते, शेतातल्या-घरातल्या कामाने बोटांवरच्या रेषा झिजतात. सेन्सरला रेषाच दिसल्या नाहीत, तर तो खऱ्या माणसालाही 'हा तो नव्हे' म्हणतो. व्हायवाला आपण याला 'फॉल्स रिजेक्ट' म्हणून मार्क मिळवतो. आजी मात्र रिकामी पिशवी घेऊन घरी येते.

यावर उपाय आहेत. बोटं धुऊन-पुसून दुसरं बोट लावून बघा. आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट करून घ्या आणि आधारला चालू मोबाईल नंबर जोडा, म्हणजे ओटीपीचा मार्ग मोकळा राहतो. केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना स्पष्ट कळवलं होतं की अंगठा जुळला नाही किंवा नेटवर्क नाही म्हणून कुणाला धान्य नाकारू नये, नोंदवहीत नोंद करून द्यावं. दुकानदाराला हे नम्रपणे सांगा. नाहीच ऐकलं तर १९६७ या हेल्पलाईनवर तक्रार करा.

आता आपल्या कामाचं. कार्डावरच्या प्रत्येकाचं ई-केवायसी लागतं, म्हणजे हॉस्टेलवर पडलेल्या आपलंसुद्धा! ते राहिलं तर आपल्या नावाचं धान्य थांबू शकतं. त्यासाठी गावी जायची गरज नाही. जवळच्या कुठल्याही रेशन दुकानात होतं, किंवा मोबाईलवर 'मेरा ई-केवायसी' ॲपमधून चेहरा दाखवून. अंगठा न उमटणाऱ्या आजोबांचंही ॲपवरून करता येतं. शिवाय २०२५ च्या केंद्राच्या आदेशानुसार सलग सहा महिने धान्य उचललं नाही, तर कार्ड तात्पुरतं बंद करून चौकशी होते. आजी काही महिने पुण्याला मुलाकडे राहायला गेली तरी चिंता नको. 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे तिथल्या दुकानातून ती आपल्या वाट्याचं घेऊ शकते आणि उरलेलं घरचे गावात.

यात इंजिनिअरिंगचं काही अवघड नाही, फक्त कुणीतरी बसून करायला हवं. सुट्टीत घरी गेलात की एक संध्याकाळ काढा. आजीचं कार्ड मागा, नावं तपासा, कुणाचं ई-केवायसी राहिलंय ते बघा. शेजारच्या एकट्या आजोबांनाही विचारा. आपल्याला सबमिशनची एक तारीख चुकली तर एक्स्टेन्शन मिळतं, त्यांचा महिना मात्र रिकामा जातो.