अ‍ॅम्प्लिफायरआधीचा व्हॉल्व्ह

ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरआधी एक छोटा व्हॉल्व्ह जोडला की आवाजात गोडवा येतो, असं पुष्कळ संगीतशौकीन सांगतात. या जोडणीला ट्यूब बफर म्हणतात. माझ्या मते त्याचा खरा गुण गोडव्यापेक्षा वेगळाच आहे.

बफरमध्ये बहुधा १२एयू७ जातीचा व्हॉल्व्ह असतो. तापलेल्या कॅथोडमधून सुटलेले इलेक्ट्रॉन निर्वातातून प्लेटकडे धावतात आणि वाटेतल्या ग्रिडवरचा विद्युतदाब त्यांचा ओघ कमीजास्त करतो. आउटपुट प्लेटऐवजी कॅथोडवरून घेतलं की झाला कॅथोड फॉलोअर. त्यात सिग्नल वाढत नाही, उलट किंचित घटतो. पण आधीच्या यंत्राकडून तो जवळजवळ काहीच करंट मागत नाही आणि पुढे देताना त्याचा इम्पिडन्स जेमतेम ४५० ओहम असतो.

याचा फायदा कुठे होतो ते पाहा. १ लाख ओहमचा साधा व्हॉल्यूम कंट्रोल, सिग्नल निम्मा केलेला. पुढे १० मीटर केबल आणि ४७ हजार ओहम इनपुटचा अ‍ॅम्प्लिफायर. केबलची धारकता मीटरला १०० पिकोफॅरड धरली, तर १० हजार हर्ट्झच्या आसपास सिग्नलची शक्ती निम्म्यावर येते. तानपुऱ्याची जवारी, तबल्याच्या चाटेची धार इथेच बोथट होते. कंट्रोल आणि केबलच्या मध्ये बफर आला की हीच मर्यादा साडेतीन लाख हर्ट्झच्या आसपास जाते. ही सुधारणा खरी आहे, मोजता येणारी आहे.

मग गोडवा? व्हॉल्व्ह मूळ स्वरात त्याच्या दुप्पट कंप्रतेचा स्वर मिसळतो, म्हणजे साबरोबर वरचा सा, आणि कानाला तो खटकत नाही. मात्र कॅथोड फॉलोअरमध्ये सगळं आउटपुट ऋण फीडबॅक म्हणून परत येतं, त्यामुळे ही भेसळ फारच थोडी उरते. प्लेटला पुरेसा दाब न देणाऱ्या स्वस्त बफरमध्ये ती वाढते. तिला व्हॉल्व्हचा अस्सल आवाज म्हणणं मला पटत नाही.

व्हॉल्व्हच्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचा रंग बऱ्याच अंशी स्पीकरपाशी ठरतो. त्याचा आउटपुट इम्पिडन्स जास्त असतो, म्हणून स्पीकरचा इम्पिडन्स जसा बदलतो तसा स्वरांचा समतोलही बदलतो. अमेरिकेत १९८५ मध्ये बॉब कार्व्हर यांनी ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये फेरफार करून एका व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरशी त्याचा आवाज जुळवून दाखवला, त्यात हा आउटपुट इम्पिडन्स महत्त्वाचा होता. अ‍ॅम्प्लिफायरआधी बसवलेल्या बफरला स्पीकरपर्यंत हात पोहोचवता येत नाही.

बफर लावणार असाल तर आधी तो चालू करा, व्हॉल्व्ह तापू द्या आणि मगच अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना उलट क्रम. नाहीतर स्थिरावणाऱ्या दाबाचा धक्का थेट स्पीकरला बसतो.