परदेशातील शिक्षण आणि विद्यार्थी दर्जाची जपणूक

आपल्या अनेक धर्मग्रामांतील मुले-मुली पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेस जात असतात. वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वकिलातीत मुलाखत पार पडली आणि पासपोर्टवर व्हिसा चिकटवून आला की घरात आनंदीआनंद होतो. निरोपाच्या प्रार्थनेस शेजारीपाजारी जमतात. खरी जबाबदारी मात्र त्यानंतर सुरू होते, ह्याची कल्पना पुष्कळ पालकांना नसते. आमच्याकडे चौकशीस येणाऱ्या पालकांचे प्रश्न बहुधा तीनच असतात: शुल्क किती, कर्ज कोठून मिळेल, आणि तिकडे गेल्यावर मुलगा महिन्याला किती कमावील? ह्या तिसऱ्या प्रश्नातच पुढील बऱ्याच संकटांचे मूळ दडलेले असते. म्हणून हा विषय थोड्या विस्ताराने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. व्हिसा आणि दर्जा, ज्याला मुले ‘स्टेटस’ म्हणतात, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यार्थ्यांना मिळणारा एफ-१ व्हिसा हा केवळ त्या देशाच्या दारात उभे राहून प्रवेश मागण्याचा परवाना होय. आत गेल्यावर विद्यार्थी म्हणून राहण्याचा जो हक्क मिळतो, तो दर्जा. व्हिसाची मुदत अमेरिकेत असताना संपली, परंतु दर्जा शाबूत असला, तर शिक्षण चालू ठेवता येते. नवा व्हिसा लागतो तो बाहेर जाऊन परतताना. ह्याउलट पासपोर्टवर पाच वर्षांचा व्हिसा झळकत असला तरी दर्जा गमावलेल्या विद्यार्थ्याला तो तेथे राहण्याचा हक्क देत नाही.

हा दर्जा एका नोंदीवर उभा असतो. ‘सेव्हिस’ नावाची संगणकीय नोंदवही अमेरिकन सरकारने २००३ पासून अमलात आणली. प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याचे विद्यापीठ, अभ्यासक्रम, पत्ता आणि कामाचे परवाने तीत नोंदलेले असतात. आय-२० हा दस्तऐवज त्याच नोंदीतून निघतो. ती अद्ययावत ठेवण्यासाठी प्रत्येक विद्यापीठात एक नियुक्त अधिकारी असतो; विद्यार्थी त्याला ‘डीएसओ’ ह्या आद्याक्षरांनी ओळखतात. विद्यापीठात पोहोचताच ह्या अधिकाऱ्याच्या कार्यालयात हजेरी नोंदवावी लागते, आणि पुढे राहण्याचा पत्ता बदलला तर दहा दिवसांच्या आत कळवावे लागते. आमच्या मते परदेशी गेलेल्या मुलाने प्राध्यापकांच्याही आधी ज्याची ओळख करून घ्यावी, तो मनुष्य हाच. त्याला विचारायचे ते कृती करण्यापूर्वी. नंतर विचारले तर त्याचे हात बहुधा बांधलेले असतात.

दर्जा टिकविण्याची पहिली अट म्हणजे पूर्णवेळ शिक्षण. पदवीच्या विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रात किमान १२ क्रेडिटचे विषय घ्यावे लागतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी किती, हे विद्यापीठ ठरविते आणि पुष्कळ ठिकाणी ती संख्या ९ असते. ह्या हिशेबात संपूर्णपणे ऑनलाइन घेतलेला एकच विषय, म्हणजे ३ क्रेडिट, धरला जातो. येथे मुले फसतात ती अगदी साध्या कारणाने. एखादा विषय जड जातो, गुण घसरण्याची भीती वाटते, अथवा शुल्क वाचवावेसे वाटते, आणि संगणकावर एक कळ दाबून तो विषय सोडून दिला जातो. विद्यापीठाची प्रणाली त्याला आडकाठी करीलच असे नाही. दर्जा मात्र त्याच दिवशी धोक्यात येतो. वास्तविक, आजारपण असेल, पहिल्या सत्रात इंग्रजीची वा तेथील अध्यापनपद्धतीची अडचण असेल, किंवा शेवटच्या सत्रात थोडेच विषय उरले असतील, तर कमी विषय घेण्याची परवानगी अधिकारी देऊ शकतो. परंतु ती विषय सोडण्याआधी घ्यावी लागते, आणि आजारपणासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते.

आता कामाविषयी. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात, म्हणजे ग्रंथालय, भोजनगृह, प्रयोगशाळा अशा ठिकाणी, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. सुट्टीत हेच काम पूर्णवेळ करता येते. आवाराबाहेरचे काम पहिल्या शैक्षणिक वर्षात सर्वसाधारणपणे वर्ज्यच, आणि नंतरही ते विशिष्ट परवान्याशिवाय करता येत नाही. भारतीय उपाहारगृहात भांडी घासणे, पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणे, मोटेलच्या गल्ल्यावर बसणे, मित्राच्या नावावर मोबाइलवरून घरपोच जेवण पोहोचविणे, ही सारी ह्याच सदरात मोडतात. रोखीने पैसे घेतले म्हणून काम कायदेशीर होत नाही. असे काम देणारा पुष्कळदा आपल्यापैकीच कोणीतरी असतो आणि ‘सगळेच करतात’ असा दिलासाही तोच देतो, हे खेदाने नमूद करावे लागते. संकट आल्यावर तो मुलाच्या शेजारी उभा राहत नाही.

आपल्या वाचकांसाठी एक वेगळे उदाहरण. आपल्या मुलांना संगीताची आवड असते. तेथील चर्चच्या गायनवृंदात इतर भाविकांप्रमाणे विनामूल्य गायला हरकत नाही. परंतु त्याच चर्चने दर रविवारी ऑर्गन वाजविण्याचे मानधन देऊ केले, तर ते आवाराबाहेरचे काम ठरते आणि परवान्यावाचून स्वीकारता येत नाही. देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी नियम तोच राहतो.

अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एखाद्या कंपनीत प्रशिक्षण घेण्याची सोय ‘सीपीटी’ ह्या परवान्याखाली आहे. मात्र पूर्णवेळ सीपीटी १२ महिने वा अधिक वापरली, तर त्या पातळीवरील ‘ओपीटी’चा हक्क जातो. ओपीटी म्हणजे शिक्षणाशी संबंधित कामासाठी मिळणारी १२ महिन्यांची मुभा; ती बहुधा पदवी पूर्ण झाल्यावर वापरली जाते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित ह्या शाखांतील पदवीधरांना, ठराविक अटींवर, आणखी २४ महिने मिळण्याची तरतूद आहे. ओपीटीचा अर्ज शिक्षण संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, आणि परवानापत्र हाती पडून त्यावरील तारीख उजाडेपर्यंत एक दिवसही काम करता येत नाही. पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांहून अधिक बेकार राहिले तर दर्जा जातो. नोकरी शोधणाऱ्या मुलाची झोप उडते ती ह्या मोजणीमुळे. अशा वेळी घरून रोज फोन करून ‘लागली का?’ असे विचारू नये, एवढे आम्ही पालकांना सुचवू इच्छितो.

केवळ कामाचा परवाना मिळावा म्हणून नाममात्र महाविद्यालयात नाव घालण्याचा सल्ला देणारे दलालही आहेत. कॅलिफोर्नियातील प्लेझंटन येथील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर जानेवारी २०११ मध्ये सरकारी छापा पडला. शेकडो भारतीय विद्यार्थी अडचणीत आले. काहींच्या पायाला पाळत ठेवणारी यंत्रे बांधण्यात आली. संस्थापिकेला २०१४ साली १६ वर्षांहून अधिक कारावास झाला. मिशिगनमधील ‘फार्मिंग्टन विद्यापीठ’ तर सरकारी तपासयंत्रणेनेच सापळा म्हणून उभारले होते. तेथे ना वर्ग होते, ना शिक्षक. जानेवारी २०१९ मध्ये सुमारे १३० विद्यार्थ्यांना ताब्यात घेण्यात आले आणि त्यांतील बहुतेक सर्व भारतीय होते. सरकारनेच सापळा रचावा हे न्याय्य की अन्याय्य, ह्यावर वाद झाला व तो रास्तही होता. तथापि जेथे वर्गच भरत नाहीत, तेथे शुल्क भरताना मनात शंका यावयास हवी होती.

सुट्टीत घरी येताना आय-२० वर अधिकाऱ्याची प्रवासासाठीची सही ताजी आहे ना, हे पाहावे. ही सही साधारणपणे एक वर्ष, आणि ओपीटीच्या काळात सहा महिने, ग्राह्य धरली जाते. शिक्षण रीतसर पूर्ण झाल्यावर आवराआवरीसाठी ६० दिवस मिळत आले आहेत. परवानगीने मध्येच शिक्षण सोडल्यास १५ दिवस. आणि दर्जा भंग झाल्यास एकही नाही.

नियम स्थिर नाहीत, हेही सांगितले पाहिजे. शिक्षण चालू असेतोवर राहू देण्याची पद्धत अनेक दशके चालत आली. तिच्या जागी जास्तीत जास्त चार वर्षांची ठराविक मुदत आणण्याचा प्रस्ताव अमेरिकन सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी वसंतऋतूत हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक रद्द झाल्या. त्यांतील कित्येकांविरुद्ध वाहतुकीचा किरकोळ गुन्हा किंवा निकाली निघालेला जुना खटला एवढेच होते. विद्यार्थी न्यायालयात गेल्यावर एप्रिलअखेर नोंदी पूर्ववत करण्यास सुरुवात झाली. म्हणून पोलिसांची साधी नोटीस आली तरी ती लपवू नये. प्रथम वकिलाला दाखवावी.

अन्य देशांतही कामाला मर्यादा आहेतच. ब्रिटनमध्ये पदवी पातळीच्या विद्यार्थ्याला सत्रकाळात आठवड्याला २० तास, कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून आवाराबाहेर २४ तास, तर ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास, अशा त्या ठरविल्या गेल्या. आकडे वेगळे असले तरी मर्यादा ओलांडल्यास दर्जा धोक्यात येतो, हे सर्वत्र सारखेच.

एवढे करूनही दर्जा गेलाच तर? अमेरिकेत तो परत मिळविण्यासाठी अर्ज करता येतो. साधारणपणे पाच महिन्यांच्या आत, आणि कारण आपल्या हाताबाहेरचे होते, हे दाखवून. परंतु परवान्याविना काम केलेल्याला ही वाट बंद असते. चुकीने विषय सोडलेल्या मुलापाशी निदान सांगण्यासारखे काही असते. गल्ल्यावर बसलेल्यापाशी नसते. म्हणून कर्जाचा हप्ता ठरविताना पालकांनी मुलाच्या तेथील कमाईचा आकडा शून्य धरावा. बँकेत हिशेब त्या आकड्यावर जुळत नसेल, तर पुढील वर्षी जाण्याचा, किंवा कमी शुल्काच्या विद्यापीठाचा विचार करावा. तो विचार विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी करता येतो.