मुका झालेला हेडसेट

आमच्या संघटनेच्या कचेरीतील जुन्या संगणकावर लिनक्स आहे ते काटकसरीपोटी. परवान्याचे पैसे पडत नाहीत. परंतु हल्ली कामगारांच्या तक्रारींची सुनावणी पुष्कळदा पडद्यावरून होते. ऐन वेळी कानावरचा ब्लूटूथ हेडसेट मुका झाला, तर सभासदाची बाजू मांडायची कशी?

अशा वेळी बहुतेक जण यंत्र बंद करून पुन्हा चालू करतात. त्याने कधी काम भागते, पण दोष कोठे होता ते कळत नाही. म्हणून तपास मुळापासून करावा. प्रथम ब्लूटूथचा रेडिओ चालू आहे की अडविलेला, हे ‘आरएफकिल लिस्ट’ या आज्ञेने पाहावे. मग जोडीची ओळख. संगणक आणि हेडसेट एकमेकांची एक गुप्त किल्ली जपून ठेवतात. एका बाजूची किल्ली पुसली गेली, तर दुसरीकडची जुनी किल्ली निरुपयोगी ठरते. तेव्हा ‘ब्लूटूथसीटीएल’मध्ये जुनी नोंद काढून टाकावी आणि हेडसेट जोडणीच्या स्थितीत ठेवून जोडी नव्याने जुळवावी. खिशातल्या फोनचे ब्लूटूथ त्यापूर्वी बंद करावे. पुष्कळ हेडसेट आधी तिकडेच धाव घेतात!

जोडी जुळते, पण जोडणी लगेच तुटते, असेही होते. जुन्या व्यवस्थेत ध्वनीचा कारभार पल्सऑडिओकडे असे, आणि त्याचा ब्लूटूथचा भाग कित्येकदा वेगळा बसवावा लागे. तो नसला की हेडसेटची ओळख पटते, आवाज मात्र जाण्यास वाट नसते. फेडोराने 2021 साली आणि उबुंटूने 2022 साली हा कारभार पाइपवायरकडे सोपविला.

आता ज्या तक्रारीपायी लोक चांगले हेडसेट टाकून देतात ती पाहू. गाणे सुरेल ऐकू येते. मायक्रोफोन चालू करताच तेच गाणे जुन्या टेलिफोनमधून आल्यासारखे होते. हा बिघाड नव्हे. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये दोन निराळे करार असतात. ‘ए2डीपी’ या करारात आवाज एकाच दिशेने, पण दोन्ही कानांना भरपूर मिळतो. ‘एचएफपी’त तो दोन्ही दिशांनी वाहतो, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच येतो: जुन्या पद्धतीत सेकंदाला 8000 नमुने, सुधारलेल्या ‘एमएसबीसी’त 16000. (वाटाघाटीच्या टेबलावर बसलेल्यांस हे निराळे सांगावयास नको.) मायक्रोफोन सापडतच नसेल, तर बहुधा हेडसेट ‘ए2डीपी’वर असतो, ध्वनीच्या सेटिंगमध्ये प्रोफाइल बदलले की तो दिसू लागतो. आमची पसंती मात्र अशी, की ऐकण्यास हेडसेट ‘ए2डीपी’वरच ठेवावा आणि बोलण्यास साधा तारेचा मायक्रोफोन घ्यावा. तो स्वस्त मिळतो, आणि साहेबांच्या कानी शब्द न् शब्द स्वच्छ पोचतो.

आवाज तुटक येत असेल, तर शेजार पाहावा. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालते, वायफायही पुष्कळदा तेथेच असते, आणि यूएसबी 3ची उपकरणेही त्या पट्ट्यात गोंगाट करतात. ब्लूटूथचा डोंगल अशा उपकरणाला खेटून असल्यास हातभर लांब वायरीने दूर न्यावा.