तुरटीच्या आधी चुना

जोयडा तालुक्यातले ओढे उन्हाळ्यात नितळ असतात. मिरग बरसला की जांभ्याची माती घेऊन लालभडक होतात आणि काळी नदीकडे धावतात. असं पाणी पिण्याजोगं कसं होतं, ते मी जार टेस्टच्या मशीनसमोर उभं राहून पाहिलं.

रांगेत काचेची सहा भांडी, प्रत्येकात लिटरभर गढूळ पाणी, वर फिरणारी पाती. भांड्यांत तुरटीचं द्रावण चढत्या मापाने पडलं: 10 मिलिग्रॅमपासून 60 पर्यंत. मिनिटभर जोरात घुसळण, मग वीस मिनिटं इतकी सावकाश की जमू लागलेला फ्लॉक, म्हणजे गाळाचा पुंजका, फुटू नये. पाती थांबली. तिसऱ्या भांड्यात गाळ खाली बसू लागला. पाचवं आणि सहावं, जिथे तुरटी सर्वांत जास्त, ती मात्र धुरकटच राहिली.

घाटातलं पाणी मऊ असतं. त्यात अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद, फार थोडी. एक मिलिग्रॅम तुरटी त्यातली सुमारे अर्धा मिलिग्रॅम खाते. ती संपली की सामू घसरतो, फ्लॉक धरत नाही आणि तुरटीतलं ॲल्युमिनियम विरघळून पुढे नळापर्यंत जातं. मुसळधार पावसात तुरटी जास्त लागते, आणि नेमकी तेव्हाच अल्कलिनिटी सर्वांत कमी असते. तेच पाणी पुन्हा घेऊन आधी चुन्याची निवळी घातली, मग तुरटी. थोड्याच वेळात सहाव्या भांड्यातही ठसठशीत फ्लॉक दिसू लागला.

जलशुद्धीकरण केंद्र सुधारायचं म्हटलं की आपल्याला नवे पंप आणि 60 अंशांत कललेले ट्यूब सेटलर आठवतात. ते हवेतच, पण न जमलेला गाळ सेटलर बसवणार कसा? तो वाळूच्या फिल्टरवर येतो, बॅकवॉश, म्हणजे फिल्टरची उलटी धुलाई, वाढतो. जो निसटतो त्याच्या आडोशाला जंतू क्लोरीनपासून वाचतात. म्हणूनच भारतीय मानकात गढूळपणाची स्वीकार्य मर्यादा 1 एनटीयू आहे, आणि नळाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक लागतं.

या तालुक्याने 101 मीटर उंच सुपा धरणासाठी, विजेसाठी, जुनं सुपे गाव पाण्याखाली दिलं. इथल्या कुणबी वाड्या जंगलात विखुरलेल्या. मोठं केंद्र सगळीकडे पोचणार नाही. म्हणून छोट्या केंद्रांच्या अंदाजपत्रकात जार टेस्टचं मशीन, अल्कलिनिटी मोजायचं किट आणि चुन्याची टाकी आधी लिहा. आणि पावसाळ्यात दर पाळीला डोस नव्याने ठरवू शकेल असा ऑपरेटर, कायम पगारावर.