फिशफाइंडर बसवताना घ्यावयाची काळजी

कोकण किनाऱ्यावरील आपले अनेक मच्छीमार बांधव नौकेवर फिशफाइंडर बसवतात. पैसे खर्चूनही पडद्यावर नुसते ठिपके दिसतात, अशी काहींची तक्रार असते. दोष बहुधा यंत्राचा नसून ते बसवण्याचा असतो.

नौकेच्या तळाशी लावलेला ट्रान्सड्यूसर पाण्यात ध्वनिलहरी सोडतो. समुद्रात त्या सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतात. तळावर किंवा माशावर आपटून परतण्यास लागलेल्या वेळेवरून यंत्र खोली सांगते. ४० वाव पाण्यात याला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही.

हवेचे बुडबुडे या लहरी अडवतात. म्हणून ट्रान्सड्यूसर पंख्यापासून दूर आणि सतत पाण्यात राहील असा बसवावा. लाकडी नौकेत तो आतून लावून चालत नाही. त्याची वायर इंजिनाच्या वायरींपासून वेगळी न्यावी. बॅटरीच्या जोडणीत फ्यूज हवाच. पावसाळी बंदीत नौका किनाऱ्यावर असते, तेव्हाच हे काम उरकावे.

उथळ पाण्यात २०० किलोहर्ट्झ, खोल पाण्यात ५० किलोहर्ट्झ ठेवावे. पडद्याच्या उजव्या कडेला दिसते तेवढेच आत्ता नौकेखाली असते. बाकीचे मागे पडलेले.

घोळीच्या पोटात बोत, म्हणजे हवेची पिशवी असल्याने ती ठळक उमटते. सुरमईला ती नसते, म्हणून तिची खूण फिकी. तेव्हा पडदा रिकामा म्हणजे मासळी नाही, असे समजू नये. तांडेलाचा अनुभव सोडून केवळ यंत्रावर विसंबणे नुकसानीचे. रोजी देणारा अल्लाह आहे. साधन नीट वापरणे आपल्या हाती आहे.