बातमीत न बसणारी बस

बंगळुरूमध्ये २०२५ च्या जानेवारीत शहर बसचे भाडे पंधरा टक्क्यांनी वाढले आणि पुढच्याच महिन्यात मेट्रोचे कमाल भाडे ६० रुपयांवरून ९० रुपयांवर गेले. दुसरी वाढ आठवडेच्या आठवडे गाजली. पहिलीची चर्चा मात्र राजकीय आरोप-प्रत्यारोपांपलीकडे फारशी गेली नाही. बसकडे पाहण्याची ही वृत्तपत्रीय नजर कशी घडली, हे समजून घ्यायला शहराच्या पश्चिमेकडील राजाजीनगर हे सोयीचे उदाहरण आहे.

ही वसाहत १९४९ मध्ये औद्योगिक उपनगर म्हणून वसली आणि राजगोपालाचारींचे नाव तिला मिळाले. किर्लोस्कर इलेक्ट्रिकच्या कारखान्यामुळे मराठी उद्योजकतेच्या इतिहासातही तिचा उल्लेख येतो. शहर बस १९४० मध्ये खासगी कंपनीने सुरू केली, १९५६ मध्ये ती सरकारकडे गेली, पुढे राज्य परिवहनात सामावली गेली आणि १९९७ मध्ये बंगळुरू महानगर परिवहन महामंडळ, म्हणजे बीएमटीसी, वेगळे निघाले. मधली दशके फलक बदलण्याची होती, त्यांत रेंगाळण्याचे कारण नाही.

खरे वळण २००६ नंतरच्या दशकात आले. त्या वर्षीच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्यावरील जागा वाहनांना नव्हे तर माणसांना द्यावी, असे तत्त्व मांडले, आणि त्याच वर्षी २४ जूनला पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते मेट्रोची पायाभरणी झाली. बीएमटीसी तेव्हा दुबळी नव्हती. देशभरातील शहर बससेवा तोट्यात असताना ती नफा दाखवीत होती, दिवसभराचा पास देत होती आणि वातानुकूलित व्होल्वो गाड्या चालवीत होती. ४ फेब्रुवारी २०१० पासून तिने दर महिन्याच्या चार तारखेला ‘बस दिन’ साजरा केला, म्हणजे त्या दिवशी खासगी वाहन घरी ठेवून बसने जावे असे आवाहन केले. वृत्तपत्रांना हा दिवस आवडला, कारण त्यात बसमध्ये चढणाऱ्या मान्यवरांचे छायाचित्र मिळे. पाच तारखेला तीच बस किती उशिरा आली, हे विचारण्याची गरज मात्र क्वचितच कोणाला वाटली.

१ मार्च २०१४ रोजी पीण्यापासून संपिगे रोडपर्यंतचा उन्नत मार्ग खुला झाला आणि राजाजीनगरला स्वतःचे स्थानक मिळाले. पहिल्या दिवसांच्या हौशी गर्दीचे वर्णन रंगून झाले; पण हा मार्ग मॅजेस्टिकच्या, म्हणजे शहराच्या मुख्य बसस्थानकाच्या, नेमका एक स्थानक अलीकडे एका मॉलजवळ संपत होता आणि २०१७ च्या जूनपर्यंत, तब्बल तीन वर्षांहून अधिक काळ, तसाच अर्धवट राहिला. ते तुटलेले टोक ज्या बसने जोडायचे, त्या पूरक सेवेला ‘फीडर’ म्हणतात. मेट्रोच्या मुदती पाठ असलेल्या पानांनी या फीडरच्या मुदती कधी पाठ केल्या नाहीत. बसमार्गिकेचा प्रयोग २०१९ मध्ये झाला तोही पूर्वेकडील बाह्य वर्तुळमार्गावर, जिथे माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आहेत आणि जिथल्या कोंडीला बातमीमूल्य आहे.

बसकडच्या या दुर्लक्षाला केवळ बातमीदारांचा आळस कारण नाही, जरी दुचाकीवरून हिंडणाऱ्या बातमीदाराला बसमधले व्यवहार दिसणे कठीणच. सुटे नसले की वाहक देणे असलेली रक्कम तिकिटाच्या पाठीवर लिहून देतो आणि उतरण्याच्या घाईत प्रवासी ते तीन-चार रुपये सोडून देतो, यावर मथळा होत नाही. मेट्रो ही बांधली जाणारी वस्तू असल्याने तिच्यात कंत्राट, मुदतवाढ, मंत्र्यांची पाहणी आणि छायाचित्र असा नित्य मजकूर मिळतो. शिवाय ती जमिनीचे भाव चढविते, आणि ‘स्थानकापासून पाच मिनिटांवर’ अशी सदनिकेची जाहिरात त्याच पुरवणीत येते. बसथांब्यापासून पाच मिनिटांवरच्या घराची जाहिरात कोणी केलेली आढळत नाही.

पुण्यात याच काळात वेगळी वाट दिसली. १ नोव्हेंबर २०१२ रोजी ‘सकाळ’ने स्वतःच ‘बस डे’ घडवून आणला आणि त्यासाठी वाचकांकडून निधीही उभा केला. त्या उत्साहाने पीएमपीएमएलचे, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेचे, दुखणे बरे झाले नाही, आणि एका दिवसाच्या सोहळ्याचा दोष बंगळुरूइतकाच तिथेही होता. तरीही बस हा वृत्तपत्राच्या आस्थेचा विषय होऊ शकतो, एवढे त्याने दाखविले.

बंगळुरूत बस पहिल्या पानावर स्थिरावली ती परिवहन कर्मचाऱ्यांच्या एप्रिल २०२१ च्या संपात, म्हणजे ती रस्त्यावर नव्हती तेव्हा. जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेने राज्यातील महिलांना साध्या बसमधून मोफत प्रवास दिला, तेव्हाही वाद सरकारी तिजोरीवरील भाराचा झाला, वाढलेल्या गर्दीला पुरेशा गाड्या आहेत का याचा कमी. वास्तविक महामंडळ आपला ताफा आणि ‘शेड्यूल’, म्हणजे एका बसने दिवसभरात करावयाच्या फेऱ्यांचा संच, यांचे एकूण आकडे स्वतःच प्रसिद्ध करते. त्यांतली राजाजीनगरच्या वाट्याची शेड्यूल २०१४ नंतर वाढली की घटली, हे शोधायला माहितीच्या अधिकारातील एक अर्ज आणि दहा रुपयांचे शुल्क पुरते.